लाडक्या घोडीला वळू निवडताना



या सदरात आम्ही एरवी बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी लिहितो. या अंकात विषय जरा वेगळा घेतला आहे. आपल्या कार्यक्षेत्रात हौसेने घोडी बाळगणारे सभासद आहेत. काहींच्या दारात वाडवडिलांपासून घोडी आहे, तर काहींनी अलीकडे बाजारातून आणली आहे. गटऑफिसवर बसलो असता यांपैकी कोणी ना कोणी हळूच विचारतो, "साहेब, घोडी दाखवायची म्हणतो, घोडा कुठला चांगला?" आम्ही काही जनावरांचे डॉक्टर नव्हे. शेतकीची पदविका घेतलेला, उसात आयुष्य काढलेला माणूस. तथापि गेल्या वर्षी या कामात आम्हाला चार पावले चालावे लागले. त्यातून जे कळले ते सर्वांच्या उपयोगी पडावे, म्हणून हा प्रपंच.

त्याचे असे झाले. गेल्या माघात सुरू लागणीच्या नोंदी घेण्यासाठी आम्ही नदीकाठच्या गटात गेलो होतो. तेथील एक जुने सभासद, त्यांना आपण नुसते आप्पा म्हणू, बांधावरच्या बाभळीखाली घोडी धरून उभे होते. घोडी कुमैत रंगाची, अकरा वर्षांची, मारवाडी रक्ताची पण कागद नसलेली. आप्पांचे दोन्ही गुडघे गेलेले. लागणीच्या चिखलात त्यांना चालवत नाही, मोटारसायकल त्या वाटेला जात नाही. आप्पा बांधाच्या उंचवट्यावर चढतात, घोडी आपणहून आडवी येऊन उभी राहते आणि म्हातारा दोन्ही रिकिबींत पाय नीट टाकेपर्यंत एक पाऊल हलत नाही. मग रेवाल चालीने अशी निघते, की हातातला चहा सांडू नये.

आप्पा म्हणाले, "सायेब, असली घोडी पुन्यांदा व्हायची न्हाई. हिच्या पोटचं एक शिंगरू घ्यावं म्हंतो. म्हंजी ही गेली तरी हीच ऱ्हाईल. तुमी बेण्यातली मान्सं, सांगा बघू, घोडा कुठला दावावा?"

प्रश्न ऐकून आम्हाला प्रथम हसू आले आणि मग विचारात पडलो. कारण आप्पांच्या बोलण्यात एक चूक होती आणि ती अनेकांची असते. उसाची कांडी लावली की आईच पुन्हा उगवते. को. ८६०३२ ची कांडी लावा, को. ८६०३२ च येईल. त्यात दुसऱ्या कोणाचे रक्त मिसळत नाही. घोडीचे तसे नाही. घोड्याच्या शरीरात चौसष्ट गुणसूत्रे असतात. शिंगराला त्यातली बत्तीस आईकडून आणि बत्तीस बापाकडून मिळतात, आणि आईच्या गुणांतले नेमके कोणते उतरतील हे कोणाच्या हाती नाही. म्हणजे शिंगरू हे कांडीचे बेणे नव्हे, ते तुऱ्याचे बी आहे.

तुऱ्याच्या बियाचे काय होते ते ध्यानात घ्या. हाच को. ८६०३२ वाण को. ६२१९८ आणि को.सी. ६७१ यांच्या संकरातून निघाला आणि १९९६ साली महाराष्ट्रात प्रसारित झाला. असा एक वाण हाती लागावा म्हणून शास्त्रज्ञ हजारो रोपे वाढवतात, वर्षानुवर्षे पारखतात आणि एक ठेवून बाकी सगळी टाकून देतात. घोडीवाल्याला ही सोय नाही. घोडी वर्षाला एकच शिंगरू देणार, तेही धरले तर. ते नावडले म्हणून उपटून टाकता येत नाही, त्याला वीस-पंचवीस वर्षे पोसावे लागते. म्हणून उसात जी निवड पेरणीनंतर होते, ती घोडीच्या बाबतीत आधीच करावी लागते. आमचे सगळे सांगणे या एका वाक्यात आले. पुढचे फक्त त्याचे तपशील.

आधी घोडी, मग घोडा

पहिला प्रश्न घोडा कुठला हा नव्हेच. घोडी भरवावी की नाही, हा पहिला प्रश्न. येथे आम्हाला घरची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही.

आम्ही आठवीत असताना आमच्या वडिलांकडे एक पांढरी घोडी होती. वडिलांचा तिच्यावर फार जीव. ती सतरा वर्षांची झाल्यावर त्यांनाही आप्पांसारखेच वाटले, की हिचे एक शिंगरू असावे. तोवर ती एकदाही व्याली नव्हती. गावात आलेल्या एका घोड्याला दाखवली, तपासणी काही नाही. घोडी धरली, दिवस भरले, पहाटे व्याली आणि शिंगरू ठीक निघाले. पण वार पडली नाही. घरात सगळे गाई-म्हशींचे जाणकार. गाईची वार पडायला वेळ लागला तर आपण रात्रभर थांबतो, म्हणून घोडीच्याही बाबतीत थांबले. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर आणले तोवर अंगात विष भिनले होते. चारही टापांच्या आत दाह झाला, घोडी पायांवर धरली. पुढे तीन वर्षे ती जगली, पण पुन्हा खोगीर म्हणून चढले नाही. वडील रोज सकाळी तिला खरारा करीत आणि एक शब्द बोलत नसत.

सांगायचे ते हे, की घोडीची वार तीन तासांच्या आत पडली पाहिजे. न पडल्यास ती ओढू नये आणि वाटही पाहू नये, ताबडतोब डॉक्टरांना बोलवावे. गाईचा हिशेब घोडीला लावला की घोडी जाते. आमच्या घरात तेव्हा हे कोणाला ठाऊक नव्हते. आज ठाऊक आहे, म्हणून लिहितो.

पंधरा वर्षांच्या पुढे घोडी धरण्याचे प्रमाण कमी होत जाते आणि पहिलटकर असेल तर धोका वाढतो. आप्पांची घोडी अकरा वर्षांची, म्हणजे वेळ होती पण फार नव्हती. आम्ही आप्पांना सांगितले, "आधी पशुवैद्यकाकडून तपासून घ्या. गर्भाशय निर्मळ आहे का, अंडाशय चालू आहेत का, सोनोग्राफीत कळतं. नसेल तर विषय इथंच संपवू. जी आहे तिला सांभाळू." आप्पा जरा नाराज झाले, पण तयार झाले. तपासणीत घोडी निर्दोष निघाली.

प्रेम बाजूला ठेवून कागदावर लिहा

मग आम्ही एक कागद घेतला. डाव्या बाजूला घोडीचे गुण, उजव्या बाजूला उणिवा. डावी बाजू आप्पांनी पाच मिनिटांत भरली. उजव्या बाजूला काही सांगेनात. शेवटी डॉक्टरांनी घोडी सपाट जागेवर उभी करवली, पुढून-मागून चालवली आणि दाखवले, की पाठ जरा लांब आहे आणि मागच्या पायांची ढोपरे आत वळलेली आहेत. आप्पा म्हणाले, "अकरा वर्सं बसतोय, मला कदी दिसलं न्हाई." लाडक्या जनावराचे असेच असते.

हा कागद का हवा? कारण वळू निवडायचा तो घोडीच्या उणिवा पाहून. घोडीची पाठ लांब, तर वळूची आखूड आणि भक्कम पाहिजे. घोडीची ढोपरे आत, तर वळूची सरळ पाहिजेत. दोघांत एकच दोष असला तर शिंगरात तो पक्का होण्याचा संभव फार. मात्र एका टोकाला दुसरे टोक जोडू नये. लांब पाठीला अति आखूड पाठ जोडली म्हणजे मधली पाठ मिळते असे नाही, कधी याचे टोक येते तर कधी त्याचे. दोष असलेल्या जागी वळू निर्दोष असावा, एवढेच पाहावे. आणि घोडीतला जो गुण आपल्याला सर्वांत प्रिय आहे, तो वळूतही असावा. आप्पांच्या कागदावर तो गुण होता शांतपणे उभे राहणे आणि मऊ चाल.

स्वभाव काही रक्तातून येतो, काही हाताखाली तयार होतो. चालीचे मात्र रक्ताशी बरेच नाते आहे. २०१२ साली स्वीडनमधील संशोधकांनी आइसलँडच्या घोड्यांचा अभ्यास करून अशा खास चालींशी निगडित एक जनुकच दाखवून दिले. आपले जुने घोडेवाले 'चालीच्या पोटी चाल' म्हणत, त्यात तथ्य होते.

जत्रेतला घोडा आणि घरचा घोडा

आप्पांचा नातू कॉलेजात आहे. दत्तजयंतीला तो तापीकाठच्या सारंगखेड्याच्या यात्रेला गेला होता. तिथला घोडेबाजार आपणा सर्वांना ऐकून माहीत आहे. तिथे त्याने एक काळा कुळकुळीत, पंचकल्याणी घोडा पाहिला. हलगीवर नाचणारा, मागच्या पायांवर उभा राहणारा. मोबाईलमध्ये त्याच्या चित्रफिती भरून आणल्या होत्या. "आप्पा, हाच पाहिजे," म्हणून हट्ट धरून बसला. पुढे तोच घोडा शेजारच्या जिल्ह्यात आल्याचे कळले. आप्पा, नातू, डॉक्टर आणि आम्ही असे चौघे पाहायला गेलो.

घोडा देखणा, यात वाद नाही. आप्पांनी मालकाला एकच विनंती केली, "यावर बसा आणि जरा उभा करा." मालक बसले, पण घोडा उभा राहीना. टापा आपटी, फिरे, लगाम चावी. डॉक्टरांनी विचारले, याची शिंगरे कुठे पाहायला मिळतील? कोणतीही दाखवता येईनात. रक्ताची तपासणी केली आहे का, असे विचारल्यावर मालक म्हणाले, "घोडा समोर हाय की. रक्त कशाला बघायचं?" आम्ही चहा घेतला आणि परत निघालो. नातू वाटेत बोलला नाही.

आता रक्त कशाला, ते सांगतो. घोड्यांत ग्लँडर्स नावाचा जिवाणूचा रोग आहे. २००६ साली तो आपल्या महाराष्ट्रात पुन्हा आढळला. तो माणसालाही होतो. त्यावर लस नाही. बाधित जनावरावर उपचार केले जात नाहीत, कायद्याने ते नष्ट करावे लागते. घोड्यांचा दुसरा एक रोग संसर्गजन्य रक्तक्षयाचा. त्यात वरून धडधाकट दिसणारे जनावर जन्मभर रोग वाहते. हे दोन्ही रक्ताच्या तपासणीत कळतात. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांमार्फत नमुना पाठवता येतो. आपण काणी आणि गवताळ वाढीच्या प्लॉटमधले बेणे घेत नाही, कारण एक रोगट बेट सगळ्या रानात रोग नेते. मग वर्षानुवर्षे गावोगाव फिरणाऱ्या घोड्याला बिनतपासणीचे जवळ का करावे? तपासणी वळूची हवी तशी घोडीचीही हवी. समोरच्या मालकानेही आपल्याला विचारले पाहिजे, आणि विचारले तर राग मानू नये.

दुसरा घोडा दोन तालुके ओलांडून मिळाला. मारवाडीच, दहा वर्षांचा, रंगाने साधा तांबडा, नाचबिच काही नाही. मालक त्याच्यावरून दूध घालायला जातात. पाठ आखूड, ढोपरे सरळ, वरचे-खालचे दात बरोबर जुळलेले, दोन्ही अंड जागेवर उतरलेले. ही शेवटची गोष्ट संकोचाने कोणी पाहत नाही, पण पाहावी, कारण एकांड घोड्याचा दोष पुढच्या पिढीत उतरू शकतो. मालकांनी रक्त तपासणीचा कागद दाखवला. जवळच्या गावांतून त्याची सहा शिंगरे पाहिली, एक-दोन वर्षांची. सहाही पाय उचलून देत होती, हाताला भीत नव्हती. आप्पांनी त्यातल्या एका शिंगरीच्या मानेवर हात ठेवला, ती तशीच उभी राहिली. आप्पा मागे वळून म्हणाले, "हाच."

ऊस पाहायचा तो खोडव्यात आणि वळू पाहायचा तो त्याच्या शिंगरांत. अंगावरचे तेज दोन महिने हरभरा चारूनही आणता येते.

काही समजुतींविषयी

भोवऱ्यांच्या खोडींवर आपल्याकडे फार बोलले जाते. शालिहोत्राच्या परंपरेतून हे शास्त्र आले असे मानतात. ज्याची श्रद्धा आहे त्याने भोवरा जरूर पाहावा, पण भोवरा पाहून पाय पाहायचे विसरू नये. शुभ भोवऱ्याचा लंगडा घोडा लंगडाच असतो.

दुसरी समजूत, मोठा घोडा दाखवला की शिंगरू मोठे होऊन घोडी अडते. १९३८ साली केंब्रिजच्या वॉल्टन आणि हॅमंड यांनी प्रचंड शायर आणि बुटके शेटलंड यांचा संकर करून पाहिला. बुटक्या घोडीच्या पोटी मोठ्या घोड्याचे शिंगरूही जन्मताना लहानच निघाले. आईची पिशवी वाढीला आवर घालते असे त्यातून दिसले. याचा अर्थ वाटेल तेवढा मोठा घोडा घ्यावा असा नव्हे. पुढे वाढल्यावर अंग बेढब होऊ शकते. जवळपासच्या उंचीचा घोडा बरा.

तिसरी गोष्ट जातीची. आपल्या भीमाकाठच्या भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून अधिकृत नोंद २०२३-२४ मध्ये झाली. मराठ्यांच्या घोडदळाचे हे जनावर आजही आपल्या भागात धनगर बांधवांच्या बिऱ्हाडाचे ओझे वाहताना दिसते. ज्यांच्याकडे अशी घोडी असेल त्यांनी उंचीच्या मोहाने तिला दुसऱ्या जातीचा घोडा दाखवू नये. शुद्ध बेणे एकदा मिसळले की वेगळे काढता येत नाही.

वेळ, करार आणि रात्र

घोडी साधारण एकवीस दिवसांनी माजावर येते आणि माज पाच ते सात दिवस टिकतो. दिवस मोठे होऊ लागले की, म्हणजे माघ-फाल्गुनापासून, माज नियमित होतो. बीज माज संपण्याच्या एक-दोन दिवस आधी सुटते, म्हणून पहिल्या दिवशी घाई करण्यात अर्थ नाही. सोनोग्राफी करून दिवस ठरवता आला तर घोडीचे हेलपाटे वाचतात. दाखवल्यानंतर चौदा ते सोळा दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी जरूर करावी. घोडीत जुळे म्हणजे दोन्ही जाण्याचा आणि घोडीलाही अपाय होण्याचा धोका. तो याच वेळी कळतो आणि यावर उपायही याच वेळी असतो.

वळूच्या मालकाशी व्यवहार तोंडी ठेवू नये. किती रक्कम, केव्हा द्यायची, घोडी न धरल्यास पुन्हा दाखवणार की नाही, तेथे असताना इजा झाल्यास जबाबदारी कोणाची, हे चार ओळींत लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. चांगली माणसेही तोंडी व्यवहारात वाईट होतात.

दिवस साधारण अकरा महिने, सरासरी ३४० धरावेत. शेवटच्या तीन महिन्यांत पोटातले शिंगरू झपाट्याने वाढते, तेव्हा नुसत्या वाढ्यांवर घोडी ठेवू नये. चांगले वाळले गवत, मोजका खुराक, क्षार द्यावेत आणि बुरशीचा चारा मुळीच घालू नये. विण्याआधी सुमारे महिनाभर धनुर्वाताची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावी. सडांच्या टोकांना मेणासारखे थेंब दिसू लागले की रात्री जागे राहावे, कारण घोडी बहुधा रात्रीच विते. पाणमोट फुटल्यावर वीस-तीस मिनिटांत शिंगरू बाहेर यायला हवे. पुढे एक-दोन-तीन हा हिशेब पाठ करावा: एका तासात शिंगरू उभे, दोन तासांत सडाला तोंड, तीन तासांत वार. यात कुठेही चुकले तर फोन करावा. गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा.

आप्पांची घोडी

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात घोडी दाखवली. सोळाव्या दिवशी डॉक्टरांनी गाभण असल्याचे सांगितले, एकच गर्भ. आता ती आठव्या महिन्यात आहे. फेब्रुवारीच्या मध्यास दिवस भरतील, म्हणजे ऐन गाळपाच्या हंगामात. परवा आप्पा गटऑफिसवर आले आणि चिटबॉयच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "त्या आठवड्यात माझी तोड लावू नका बाबा." आम्हाला सांगावे लागले, "आप्पा, तोड लागणीच्या तारखेनं येणार. तुमच्यासाठी मागं नाही आणि पुढंही नाही." आप्पा म्हणाले, "बरं. मग टोळीकडं नातू बघंल, मी गोठ्यात."

हा नातू, जो काळ्या घोड्यासाठी रुसला होता, त्यानेच एक-दोन-तीन भिंतीवर लिहिले आहे. खाली डॉक्टरांचा नंबर आहे.

निघताना आम्ही आप्पांना पुन्हा एकदा स्पष्ट बोललो. शिंगरू घोडीसारखे होईलच असे नाही. ते अंगावर माणूस घेऊन उभे राहील की नाही, हे निम्मे रक्त ठरवेल आणि निम्मे तुमचा हात. आप्पा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "कळलं सायेब. ही ती ऱ्हाणार, आन् ते ते. पर तिनं मला उभं राहून घेटलं, तसं मी त्याच्यापाशी उभा ऱ्हाईन."

बांधावर घोडी आडवी आली. आप्पा सध्या तिच्यावर बसत नाहीत. लगाम हातात धरून गुडघे सांभाळीत हळूहळू चालत गेले, आणि घोडी त्यांच्या चालीने चालली.

असो. ज्या सभासदांना घोडी दाखवायची आहे त्यांनी आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे आणि मग बाजारात. उसाच्या बेण्यासाठी मात्र नेहमीप्रमाणे आमच्याकडेच यावे.

आपला,
ऊस विकास अधिकारी